कल्याणच्या खाडीची दोन तोंडं

वास्को द गामाची जहाजं १४९८ साली कालिकतजवळ लागली आणि युरोपला भारत सापडला, हे शाळेतलं वाक्य ठाण्याच्या माणसाने तरी फार मनावर घेऊ नये. त्याच्या १७७ वर्षं आधी, १३२१ च्या एप्रिलमध्ये, चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक ठाण्यात मारले गेले होते. तिघे इटलीतले होते आणि चौथा तिफ्लिसचा. होर्मुझहून जहाजात बसले ते चीनला जाण्यासाठी, पण जहाज लागलं ठाण्याला. तिथे ते एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले. धर्मावरून काझीपुढे वाद झाला आणि त्यात त्यांचा जीव गेला. जॉर्डनस नावाचा त्यांचा सोबती तेव्हा सोपाऱ्याच्या बाजूला होता, म्हणून वाचला. मृतदेह त्यानेच पुरले.

पुढची गोष्ट आणखी नवलाची आहे. थोड्याच काळाने पोर्देनोनेचा ओदोरिक नावाचा दुसरा फ्रान्सिस्कन, लोखंडाचा खिळा न वापरता काथ्याने शिवलेल्या जहाजातून, होर्मुझहून अठ्ठावीस दिवसांत ठाण्याला आला. त्याने त्या चौघांच्या अस्थी उकरून काढल्या, बरोबर घेतल्या आणि थेट चीनमधल्या झैतून बंदरात, म्हणजे आजच्या च्वानचौमध्ये, नेऊन तिथल्या ख्रिस्ती मठात ठेवल्या. ठाण्याबद्दल त्याने लिहून ठेवलं की इथे कुत्र्याएवढे उंदीर असतात आणि त्यांच्यापुढे मांजराचं काही चालत नाही. ज्याने ठाण्याच्या बाजारपेठेत रात्री घूस पाहिली आहे, तो या मजकुराला प्रवाशाची थाप म्हणणार नाही.

कल्याणची ओळख तर याहून जुनी. ‘पेरिप्लस’ हे समुद्रप्रवासाचं ग्रीक टिपण इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. त्यात कल्याणचा उल्लेख ‘कलिएना’ असा येतो आणि त्यासोबत एक तक्रारही येते. हे बंदर पूर्वी रीतसर चालत होतं, पण पुढे त्या भागावर सत्ता बदलली. आता ग्रीक जहाज चुकून तिथे गेलंच, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. ही तक्रार लक्षात ठेवावी, कारण कल्याणचा पुढचा सोळा-सतराशे वर्षांचा इतिहास तिच्यात बसतो. कल्याण हे उत्तम बंदर आहे, पण ते समुद्रावर नाही. ते खाडीच्या पोटात आहे, आणि पोटात असलेल्या बंदराचं नशीब खाडीच्या तोंडाशी बसलेला माणूस ठरवतो.

नकाशा उघडून हे एकदा पाहायला हवं. उल्हास नदी कल्याणला पोचते तिथे समुद्राची भरती तिला भेटते. पुढे ती डोंबिवलीच्या रेतीबंदराजवळून, मुंब्र्याच्या डोंगराखालून वाहत ठाण्याच्या अंगाला येते आणि तिथे पाणी दोन वाटांना लागतं. मोठी धार घोडबंदरला वळसा घालून वसईपाशी समुद्रात पडते. दुसरी, अरुंद आणि उथळ, ठाणे शहराला घासून दक्षिणेला उतरते आणि ठाण्याची खाडी होऊन मुंबईच्या बंदरात मिसळते. या दोन धारांच्या मध्ये जे बेट उरतं ते साष्टी: वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंत, आज ज्यावर अर्धी मुंबई आणि बरंचसं ठाणे उभं आहे. कल्याणहून गलबत निघालं की त्याला बाहेर पडायला दोनच दारं, वसई किंवा ठाणे. तिसरं नाही.

या दोन्ही दारांत १५३४ पासून दोनशे वर्षं पोर्तुगीज बसले होते. कल्याण मात्र त्यांनी कधी राखलं नाही. १५३६ साली ते चढून आले, शहर घेतलं आणि सोडून दिलं. १५७० मध्ये पुन्हा आले, बाहेरची वस्ती जाळली, लूट नेली आणि परत गेले. हातातोंडाशी आलेलं बंदर कुणी दोनदा का सोडावं? मला वाटतं, समुद्रापलीकडे वसाहती करणाऱ्या युरोपची पहिली दोन शतकं समजून घ्यायची असतील, तर या एका प्रश्नाइतकी चांगली वाट दुसरी नाही.

पोर्तुगीजांना नवीन काय सापडलं होतं ते आधी पाहू. जमीन नाही. ठाणे, चौल, खंबायत ही नावं युरोपात माहीत होती. मार्को पोलोच्या पुस्तकात ठाण्याचं एक वेगळं राज्य म्हणून वर्णन आहे, तिथलं चामडं आणि सुती कापड यांसह, आणि समुद्री चाच्यांसहसुद्धा. पोर्तुगीजांना सापडला तो वारा. आफ्रिकेच्या किनाऱ्याला धरून दक्षिणेला जायचं तर वारे आणि प्रवाह तोंडावर येतात. त्यावर त्यांच्या खलाशांनी पाऊणशे वर्षं धडपडून उपाय काढला, तो ऐकायला वेडेपणाचा वाटतो: किनारा सोडायचा, अटलांटिकमध्ये पार पश्चिमेला घुसायचं, तिथले वारे धरून मोठा कमानदार फेरा मारायचा आणि मग आफ्रिकेच्या टोकाखाली उतरायचं. हा फेरा १५०० साली काब्रालच्या ताफ्याने इतका रुंद घेतला की वाटेत ब्राझील लागलं. भारताच्या वाटेवर दक्षिण अमेरिका लागते, हे आजच्या विमानप्रवाशाला पटवणं अवघड आहे.

पुढचं काम मोसमी वाऱ्याचं. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघायचं, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नैर्ऋत्येचा वारा पकडायचा आणि पावसाळा ओसरता ओसरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोव्याला पोचायचं. परतीला डिसेंबर-जानेवारी. एक महिना चुकला तर एक वर्ष गेलं. कोकणातल्या कोळ्याला नारळीपौर्णिमेचं जे गणित आजही पाठ असतं, त्याच गणितावर एक साम्राज्य चाललं.

साम्राज्य हा शब्द मोठा आहे आणि माणसं थोडी होती. सोळाव्या शतकात पोर्तुगालची लोकसंख्या दहा ते पंधरा लाखांच्या घरात असावी असं इतिहासकार मानतात. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास भरली. म्हणजे आज सकाळी मुंबईकडे लोकलने निघणाऱ्या या दोन गावांएवढ्या देशाने ब्राझील, आफ्रिकेचे दोन्ही किनारे, होर्मुझ, गोवा, मलाक्का आणि मकाव इतका पसारा मांडला होता. त्यातली बरीच माणसं वाटेतच स्कर्व्हीने आणि तापाने मरत. एवढ्या मनुष्यबळावर घाटमाथ्यापर्यंतचा मुलूख राखता येत नाही. जहाजावरची तोफ जिथवर पोचते आणि भरतीला जिथवर होडी शिरते, तिथवरच त्यांचं राज्य. म्हणून त्यांचा मुलूख नकाशावर लुगड्याच्या काठासारखा दिसतो: लांबच लांब, चमकदार आणि चार बोटं रुंद.

आणि त्या काठावर बसून ते जमीन नव्हे, वाट विकत. पोर्तुगीज परवाना नसलेलं व्यापारी जहाज समुद्रात दिसलं की ते लुटायला त्यांना मोकळीक होती. या परवान्याला ‘कार्ताझ’ म्हणत. कुठून निघालात, कुठे चाललात, माल काय, माणसं किती, सगळं त्यावर लिहिलेलं असे, आणि पोर्तुगीज चौकीवर थांबून जकात भरायची अटही असे. भर समुद्रातून जाण्याबद्दल कुणी पैसे मागावेत ही कल्पना हिंदी महासागरातल्या गुजराती, अरब आणि मलबारी व्यापाऱ्यांना नवी होती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचे दस्तक द्यायला सुरुवात केली तेव्हा युरोपियनांनी त्यांना चाचा ठरवलं. ज्यांनी हा धंदा दोनशे वर्षं केला त्यांच्या तोंडी हा शब्द शोभत नव्हता, एवढं म्हणायला हरकत नसावी.

ठाण्याकडे त्यांची पावलं वळली ती गुजरातच्या सुलतानाशी झगडताना. त्या वेळी ठाणे-वसईचा पट्टा गुजरातच्या बहादूरशहाकडे होता. १५२९ च्या सुमारास पोर्तुगीज आरमाराने हा किनारा झोडपला आणि ठाण्याकडून खंडणी कबूल करून घेतली. १५३३ साली गव्हर्नर नुनो द कुन्हाने वसईवर मोठी मोहीम केली. बहादूरशहाच्या दुसऱ्या बाजूला हुमायून उभा होता. दोन आघाड्या झेपेनात, तेव्हा २३ डिसेंबर १५३४ रोजी ‘साँव मातेउश’ या जहाजावर तह झाला आणि वसई, तिच्याखालचा मुलूख, साष्टी आणि मुंबईची बेटं पोर्तुगालच्या राजाला मिळाली. सुलतानाच्या दृष्टीने दूरच्या किनाऱ्याची एक चिंचोळी पट्टी गेली. ती देताना, या पट्टीवर जगातलं एक सर्वांत महाग शहर उभं राहील, हे त्याच्याच काय, घेणाऱ्याच्याही ध्यानात येण्यासारखं नव्हतं. सव्वादोन वर्षांनीच दीवजवळ पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत बहादूरशहा समुद्रात बुडून मेला.

खरं तर कागदावर ठाणे आणि कल्याण चाळीस वर्षं आधीच वाटले गेले होते. १४९४ साली स्पेन आणि पोर्तुगालने तोर्देसिलास गावी बसून अटलांटिकमधून एक उभी रेघ ओढली आणि नव्याने सापडणारं जग आपसात वाटून घेतलं. रेघेच्या पूर्वेचं पोर्तुगालचं. साष्टीतल्या कुणा कुणब्याला तेव्हा कोणी सांगितलं असतं, की तुझं शेत एका रेघेच्या कुठल्या बाजूला पडतं यावर दोन राजांचा समेट झालाय, तर तो काय म्हणाला असता ते ठाण्याच्या ग्रामीण बोलीत छापण्याजोगं नाही.

मुलूख मिळाल्यावर त्यांनी काय केलं? बहुतेक सगळं जुनंच चालू ठेवलं. गुजरात सलतनतीच्या महसुली नोंदी त्यांनी उचलल्या, परगणे आणि कसबे तसेच राहू दिले. पोर्तुगीज दफ्तरात ठाणे ‘कासाबे द ताना’ म्हणून येतं. कसबा शब्दही त्यांनी बदलला नाही. १५५४ साली सिमांव बोतेल्यू नावाच्या अधिकाऱ्याने या मुलखाच्या उत्पन्नाची तपशीलवार वही तयार केली, आणि सोळाव्या शतकातल्या ठाणे-वसईच्या गावांबद्दल, करांबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं या वहीमुळे कळतं.

नवीन होती ती गावं वाटण्याची पद्धत. सरकारकडे पगाराला पैसा नव्हता, म्हणून पोर्तुगीज सरदारांना आणि सैनिकांना गावं तीन पिढ्यांच्या कराराने देत. गाव घेणाऱ्याने राजाला ठरावीक खंड भरायचा आणि लढाईच्या वेळी घोडा-हत्यारासह हजर राहायचं. काही गावं मुलींच्या नावावर हुंडा म्हणून दिली जात, अट अशी की तिने पोर्तुगीजाशीच लग्न करावं. राखायला माणसं नाहीत तर ती लग्नाने जमवायची, हा हिशेब आल्बुकर्कने गोवा घेतल्यापासून, म्हणजे १५१० पासून चालू होता. फौजेतून निवृत्त होऊन इथेच लग्न करून राहिलेल्यांचा एक वर्गच तयार झाला. वसईच्या कोटात त्यांचे दुमजली वाडे होते, आणि शेतावर राबत होते कुणबी, आगरी, भंडारी, कोळी. ते पूर्वीही तेच करत होते.

मुंबई बेटाचा खंडकरी कोण होता ते पाहा: गार्सिया द ओर्ता, वैद्य आणि वनस्पतींचा अभ्यासक. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं संवादरूपी पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. हिंदुस्थानातल्या अगदी पहिल्या छापील पुस्तकांपैकी ते एक. त्यात आपल्या बेटावरच्या, वर्षात दोनदा फळणाऱ्या आंब्याचं कौतुक आहे. ओर्ता जन्माने ज्यू घराण्यातला, बळाने ख्रिस्ती केलेल्यांपैकी. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्याच्या धर्मन्यायालयाने जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. ज्या राज्याने हा ग्रंथ शक्य केला त्याच राज्याने हे केलं, आणि यातलं एक सांगून दुसरं झाकता येत नाही.

ठाण्यातही तेच. इथली देवळं आणि मशिदी पाडल्या गेल्या, त्यांच्या उत्पन्नावर चर्च आणि मठ उभे राहिले. ठाण्याच्या तळ्यांतून पुढे शिलाहारकाळातल्या मूर्ती निघाल्या. कौपिनेश्वराचं आजचं मंदिर १७६० चं, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधवून घेतलेलं. आधीचं शिलाहारांच्या वेळचं उरलंच नव्हतं. सतराव्या शतकात ठाण्यातून गेलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर इथे सात चर्चं आणि मठ मोजतो, सर्वांत मोठा जेझुइटांचा. घरं कौलारू पण बुटकी, आणि रेशमाचं, सुताचं कापड चांगलं, हीही त्याची नोंद. विणकाम मात्र पोर्तुगीजांनी आणलेलं नव्हतं. ते येण्याच्या किती आधीपासून ठाण्याचं कापड जहाजातून जात होतं.

साष्टीच्या पोटातल्या डोंगरात मात्र हे समुद्रावरचे लोक बुचकळ्यात पडले. कान्हेरीची लेणी पाहून त्यांना हे माणसांनी कोरलं असेल यावर विश्वास बसेना. अंतोनियू दो पोर्तू नावाच्या फ्रान्सिस्कनाने तिथल्या एका लेण्यात चर्च थाटलं. इतिहासकार दियोगू दो कोउतू सांगतो की हा पाद्री सोबती, दोर आणि शिधा घेऊन तिथल्या भुयारात शिरला, सात दिवस चालला आणि शेवट न सापडल्याने परत फिरला. हे भुयार खंबायतपर्यंत जातं अशी वदंता होती. बोरीवलीच्या जंगलात शिरून गुजरातेत निघण्याची आशा बाळगणारा हा माणूस मला फार आवडतो. आणि याच कान्हेरीच्या भिंतींवर, त्याला वाचता न येणाऱ्या ब्राह्मी अक्षरांत, कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावं कोरलेली होती. लेण्यांना देणग्या देणारे ते. खाडीच्या दोन्ही तोंडांनी माल मोकळा जात होता तेव्हाचा हा पैसा.

उलट बाजूनेही वाहतूक चालू होती. गोव्यातल्या बॉम जेझुसच्या बासिलिकेचा काळसर दर्शनी भाग लोक डोळे भरून पाहतात. त्यातल्या कोरीव कामाचा दगड वसईहून जहाजाने नेलेला. गोंसालो गार्सिया हा वसईचा मुलगा, बाप पोर्तुगीज आणि आई इथलीच, जपानमध्ये पोचला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये चर्चने त्याला संत ठरवलं.

आता कल्याणच्या प्रश्नाकडे परत येऊ. पोर्तुगीजांना कल्याण लागत नव्हतं. कल्याण अहमदनगरच्या निजामशाहीचं, पुढे विजापूरच्या आदिलशाहीचं; तिथला कोट राखायचा तर पायदळ, घोडदळ, माथ्यावर बसलेल्या शत्रूशी रोजची चकमक. त्यापेक्षा ठाण्याच्या अरुंद पाण्यावर बुरूज उभे करायचे आणि होड्या फिरत ठेवायच्या. पलीकडच्या काठावर बेलापूर-खैरण्यासारखा थोडा पट्टाही त्यांनी धरून ठेवला होता. घाटावरून नाणेघाटाने किंवा बोरघाटाने उतरलेला माल कल्याण-भिवंडीला येणारच, होडीत चढणारच आणि त्यांच्या चौकीवरून जाणारच. बंदर दुसऱ्याचं, खर्च दुसऱ्याचा, जकात आपली. ‘पेरिप्लस’च्या वेळचीच युक्ती, फक्त तोफांसह.

या युक्तीला पहिला मोठा धक्का बसला तो ऑक्टोबर १६५७ मध्ये, शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली तेव्हा. घाटमाथ्यावरच्या राजाला एकदम खाडी मिळाली आणि त्याने लगेच जहाजं बांधायला घेतली. पण खोल समुद्रात लढणारं जहाज बांधायला कारागीर कुठून आणायचे? शेजारूनच. रुय लैतांव व्हियेगस आणि फेर्नांव लैतांव व्हियेगस या पोर्तुगीजांच्या हाताखाली ३४० माणसं या कामावर होती. मराठी आरमाराचे पहिले सांगाडे वसईच्या कारागिरांनी कल्याण-भिवंडीत उभे केले, हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनाही झोप लागली नसणार. ऑगस्ट १६५९ मध्ये गोव्याहून लिस्बनला पत्र गेलं: शहाजीचा मुलगा वसई-चौलच्या आसपासचा मुलूख घेऊन बलवान झालाय, भिवंडी, कल्याण आणि पनवेलला त्याने लढाऊ जहाजं बांधली आहेत, ती समुद्रावर येऊ नयेत असं इथल्या कप्तानाला बजावलं आहे. वसईच्या कप्तानाने व्हियेगस मंडळींना फितवलं आणि एका रात्री ती सगळी काम टाकून निघून गेली. पण तोवर पाहण्यासारखं ते इथल्या सुतारांनी पाहून घेतलं होतं. जहाजं थांबली नाहीत.

दारांची अडचण मात्र होतीच. कल्याणला बांधलेलं प्रत्येक जहाज बाहेर काढायचं ते पोर्तुगीज तोफांसमोरून. १६६४ मध्ये महाराजांनी मालवणजवळ सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, ती उघड्या समुद्रात. त्यामागे इतर कारणं असतीलच. पण खाडीच्या पोटात आरमार कोंडलं जातं हा कल्याणचा धडाही त्यात असावा, असा माझा अंदाज आहे.

मधल्या काळात दोन दारांच्या खाली तिसरा गडी येऊन बसला होता. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली. १६६५ मध्ये ताबा मिळाला आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. इंग्रजांना आनंद झाला खरा, पण लवकरच कळलं की मुंबईहून कल्याणला माल न्यायचा तर ठाण्यावरून जावं लागतं, आणि ठाण्याला पोर्तुगीज जकात मागतात. समुद्रावर जकात वसूल करणाऱ्या या पद्धतीचे चटके इंग्रजांनी तिथे खाल्ले. भांडणं झाली, पत्रं गेली, धमक्या झाल्या. १६७५ मध्ये जॉन फ्रायर जुन्नरला वैद्यकीसाठी निघाला तोही याच पाण्याने, ठाण्यावरून कल्याणला. कल्याण तेव्हा महाराजांच्या ताब्यात होतं. लढायांनी आणि आगींनी शहर मोडलं होतं. मुसलमानी काळातल्या मोठ्या इमारतींचे भव्य अवशेष पाहून तो हळहळला.

ठाण्याचा दगडी कोट आज मध्यवर्ती कारागृह म्हणून ओळखीचा आहे. तो पोर्तुगीजांनी बांधायला घेतला फार उशिरा, १७३० नंतर, मराठ्यांचं संकट डोळ्यांसमोर दिसू लागल्यावर. दोनशे वर्षं बुरूज-चौक्यांवर भागलं, कारण पाण्यातून कोणी येईल अशी भीती नव्हती. संकट पाण्यातूनच आलं, ते ज्यांना पाण्याची वाट पाठ होती त्यांच्यामुळे. कल्याणच्या खाडीवरच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ वर्षानुवर्षं पेशव्यांच्या मागे लागले होते. कुठे उतार आहे, ओहोटी कधी लागते, कुठल्या गावात कोण आपलं, हे त्यांना ठाऊक. मार्च १७३७ च्या एका रात्री मराठ्यांनी खाडी ओलांडली आणि अर्धवट बांधलेला तो कोट घेतला. चिमाजी अप्पांच्या मोहिमेची सुरुवात वसईपासून झाली नाही, ती ठाण्यापासून झाली: दोन दारांतलं अरुंद दार आधी. ते पडलं तशी साष्टी पडली. रुंद दाराला, म्हणजे वसईला, मे १७३९ उजाडावा लागला, आणि त्यात हजारो माणसं मेली. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी देवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल आहे, भीमाशंकरच्या घंटेवर १७२९.

राज्य गेलं तरी माणसं सगळी गेली नाहीत. इथलीच होती, जाणार कुठे? ख्रिस्ती झालेले कोळी, कुणबी, भंडारी आपापल्या गावठाणांत राहिले, मराठीच बोलत राहिले. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या साली, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. गोव्याहून नोकऱ्यांसाठी येणाऱ्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे, कंपनीच्या अगदी पहिल्या वेळेपासूनचे इथले, हे सरकारला दिसावं म्हणून. ठाण्यातल्या चरई-उथळसर-माजिवड्याच्या बाजूला त्यांच्या जुन्या वस्त्या आहेत.

ठाण्याचा कोट २८ डिसेंबर १७७४ रोजी इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतला. १७८७ मध्ये तिथे खोदकाम चालू असताना कामगारांना ताम्रपट लागले. शिलाहार राजा अरिकेसरीचं शके ९३९ चं, म्हणजे इसवी सन १०१७ चं, दानपत्र. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात त्याचं भाषांतर छापलं गेलं. पोर्तुगीज कोटाखालून शिलाहार बाहेर आले ते इंग्रजांच्या कुदळीने.

पण खाडीच्या दोन तोंडांचा खेळ कुठल्याच फौजेने संपवला नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला थांबली, कारण पुढे पाणी होतं. त्यावर पूल झाला, पारसिकच्या कडेने रूळ गेले आणि १ मे १८५४ पासून गाडी कल्याणपर्यंत धावू लागली. पुढच्या दशकात लोहमार्ग बोरघाट आणि थळघाट चढले. खानदेश-वऱ्हाडचा कापूस घाट उतरून कल्याणला येई, पण आता तो होडीत चढत नसे. डब्यातच बसून मुंबईच्या गोदीत उतरे. भिवंडी-कल्याणची गलबतं मीठ, गवत, कौलं आणि रेती वाहू लागली, आणि ठाण्याच्या अरुंद पाण्यावर जकात मागायला कोणी बसण्याचं कारण राहिलं नाही.